पावरीतली सात मिनिटं

परदेशातून ते पत्र आलं तेव्हा ताई ते घेऊन थेट माझ्या घरी आल्या. ताई म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या आमदार. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून, सोबतच्या पोलिसाला खालीच थांबवून त्या एकट्या जिना चढून आल्या. मी दार लावलं आणि आमचं ताई-मॅडम संपलं. चारचौघांत मी तिला ताई म्हणायची आणि ती मला मॅडम. दार बंद झालं की आम्ही आठवीत वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या दोन मुली उरायचो.

“हे वाच,” ती म्हणाली, “आणि हे खरंच माझ्याबद्दल आहे का ते सांग.”

पत्र इंग्रजीत होतं. निरनिराळ्या देशांच्या कायदेमंडळांतले काही सदस्य इंटरनेटच्या धोरणावर एकमेकांशी बोलणार होते. प्रवास नाही, सगळं पडद्यावरून, हिवाळाभर दर पंधरवड्याला एक बैठक. शेवटी सगळ्यांनी मिळून एक निवेदन काढायचं आणि ते आपापल्या सभागृहात न्यायचं. हिने सातपुड्यातल्या मोबाईल टॉवरबद्दल सभागृहात प्रश्न विचारला होता. तो कुणाच्या तरी वाचनात आला असावा. पत्र तिच्याबद्दलच होतं.

मी तेव्हा नंदुरबारला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. तिला इंग्रजी वाचून समजायचं, पण बोलायची वेळ आली की ती गप्प व्हायची. ती म्हणाली की तू शेजारी बसणार असशील तर हो म्हणते, नाहीतर तब्येतीचं कारण कळवते. मी हो म्हणाले.

आम्ही दोघी एकमेकींच्या कशा झालो, ते सांगायला हवं. वसतिगृहात आले तेव्हा मी तापीकाठच्या गावातली, घरात सगळे अहिराणी बोलणारे. पहिल्याच आठवड्यात ‘माझी वही कुठे आहे’ हे वर्गात उभी राहून मी विचारलं ते असं, “मन्ही वही कोठे शे?” वर्ग हसला तो हसलाच. पुढे कित्येक दिवस मला मुली ‘शे’ म्हणूनच हाक मारायच्या. ती मात्र धडगावच्याही पलीकडून आलेली. घरी पावरी, सातपुड्यातल्या पावरा लोकांची बोली. शाळेतली मराठी तिला माझ्याहून परकी होती. ती हसण्याची संधीच द्यायची नाही, कारण ती बोलायचीच नाही. दिवाळीपर्यंत बाईंना वाटायचं की मुलीला ऐकू येत नसावं.

रविवारी सकाळी आम्ही विहिरीजवळच्या दगडावर कपडे धुवायचो. तिथे आमचा अभ्यास चालायचा. मी ‘शे’ म्हटलं की ती ओल्या हाताने चिमटा काढायची. ती अडली की मी शब्द द्यायचे. बदल्यात ती मला पावरी शिकवायची. पाण्याला काय म्हणतात, भाकरीला काय, आई रागावली की काय म्हणते. वर्षभरात आम्ही दोघी अशी मराठी बोलायला लागलो की बाईंनी आम्हाला कथाकथनात उभं केलं. मला समजण्यापुरती पावरी आली ती तिथेच, साबणाच्या फेसात. नीट बोलता मात्र कधीच आली नाही.

पहिली बैठक माझ्या घरून झाली. नंदुरबारला हिवाळ्यात मिरची वाळवायच्या पथाऱ्या पडतात. आमचं घर त्या बाजूचं. वारा फिरला की घरभर मिरचीचा खाट सुटतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण डोंगरात राहणाऱ्या तिला ते सहन होईना. पडद्यावर आठ-दहा चौकोन उघडले. प्रत्येकात एक गंभीर चेहरा. तिची ओळख सुरू झाली आणि तिला शिंका आल्या, एकामागून एक. बैठकीचे अध्यक्ष उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाचे होते, पांढऱ्या भुवयांचे वयस्कर गृहस्थ. त्यांनी काळजीने विचारलं की सदस्यांना बरं नाही का. मी मिरचीचं सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. म्हणून मी लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला आणि खालचं लाल मैदान दाखवलं. एका बेटावरच्या देशाच्या बाई होत्या, अंबाड्यात फूल माळलेल्या. त्या मोठ्याने हसल्या. पुढे त्यांची आणि हिची फार चांगली गट्टी जमली.

बैठकांत बोलणं व्हायचं ते असं. मुलांच्या हातात कुठल्या वयात काय पडावं. लोकांची माहिती कुठल्या देशात साठवावी. सरकारने इंटरनेट बंद करावं का, आणि केलं तर कुणाला विचारून. खोटी गोष्ट पसरली तर ती काढायची कुणी, कंपनीने की कायद्याने. मी प्रत्येक बैठकीआधी कागद वाचून तिच्यासाठी मराठीत टिपणं काढायची. एकदा तिने विचारलं, अल्गोरिदम म्हणजे काय. मी म्हटलं, आपण काय बघतो ते बघून पुढे काय दाखवायचं ते ठरवणारी पद्धत. ती लगेच म्हणाली, म्हणजे अक्कलकुव्याच्या बाजारातला बांगडीवाला. बाईच्या हाताकडे बघतो आणि मग पेटी उघडतो. मी ते पुढे वर्गातही वापरलं.

पण तिचं बोलणं जमत नव्हतं. मी तिला इंग्रजीत परिच्छेद लिहून द्यायची, ती पाठ करायची, उच्चारावर खुणा करून घ्यायची आणि वाचायची. चुकायची नाही. अध्यक्ष आभार मानायचे आणि पुढच्या सदस्याकडे वळायचे. तिच्या म्हणण्यावर कुणी प्रश्न विचारायचं नाही. तिसऱ्या बैठकीनंतर ती लॅपटॉप मिटत म्हणाली, “मी वाचलं. बोलले नाही.” मला ते लागलं, कारण ते लिहिलेलं माझं होतं. मी तोंडावर काही दाखवलं नाही. चहा टाकते म्हणून उठले.

त्याच सुमारास आम्ही तिच्या गावी गेलो. तिच्या काकूला भेटायचं होतं. आई गेल्यापासून काकूनेच घर धरून ठेवलं होतं. अक्कलकुव्याहून घाट चढत गेलं की एक एक करून मोबाईलच्या दांड्या जातात. गावात तर फोन म्हणजे वेळ बघायची वस्तू. गावाबाहेर डोंगराच्या धारेवर एक सपाट खडक आहे. तिथे उभं राहिलं की कुठूनतरी नेटवर्क येतं. रेशनवाला अंगठ्याचं मशीन घेऊन तिथेच बसायचा. गुजरातला ऊसतोडीला गेलेल्यांशी बोलायला बाया तिथेच जायच्या. शिष्यवृत्तीचे अर्ज तिथूनच भरले जायचे. आम्ही गेलो तेव्हाही चार-पाच जण खडकावर होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून.

काकू अंगणात तूर झोडत होती. आम्हाला बघून तिने हात झटकले, भाकरी टाकल्या. बोलता बोलता इंटरनेटचा विषय निघाला. हिने काकूला सांगितलं की मी परदेशातल्या आमदारांशी बोलते, फोनवरून येणाऱ्या खोट्या गोष्टींबद्दल. काकूने तव्यावरची भाकरी उलटली. मग तिने तिच्या पावरीत सांगितलं, सावकाश, म्हणून मलाही सगळं समजलं.

लॉकडाउनच्या दुसऱ्या वर्षी खडकावरून एक आवाज गावात आला होता. कुणाच्या तरी फोनमधला. तो पावरीत बोलत होता. बाईचा आवाज, मऊ, घाई नसलेला. ती म्हणत होती की सुईवाले येतील, सुई घेऊ नका, सुई घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो. त्या आवाजाने कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कुणाला भिववलं नाही. घरातली मोठी बाई सांगते तसं सांगितलं. नर्सबाई आल्या त्या दिवशी निम्मं गाव रानात जाऊन बसलं. काकाही गेले. नंतर पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला की ते सगळं खोटं आहे. कागद मराठीत होता. पावसाळ्याच्या आधी काकांना ताप आला आणि दहा दिवसांत ते गेले.

काका गेले हे तिला माहीत होतं. त्या दिवसांत रस्ते बंद असताना ती कशीबशी पोचली होती. पण काका रानात जाऊन बसले होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरची मुलगी आमदार, आणि घरच्या माणसाने सुई चुकवली, याची काकूला लाज वाटली होती.

“ते खोटं आहे हे तू काकांना का नाही सांगितलंस?” हिने विचारलं.

“तू सांगितलं होतंस की,” काकू म्हणाली. “तुझा पण आवाज आला होता फोनवर. पण तू मराठीत बोललीस.”

घाट उतरताना ती खिडकीबाहेर बघत होती.  त्या काळात तिने लोकांसाठी एक संदेश रेकॉर्ड केला होता, ते मला आठवत होतं. त्याचा मजकूर मीच तपासून दिला होता. एकही चूक राहू दिली नव्हती.

पुढच्या बैठकीचा विषय नेमका तोच होता, खोटी माहिती आणि ती आवरण्याची जबाबदारी. प्रत्येकाला सात मिनिटं. मी तीन पानं लिहिली. काकाची गोष्ट त्यात घेतली, नाव-गाव न घेता. ती बैठक आम्ही अक्कलकुव्याच्या तिच्या कार्यालयातून घेणार होतो. खाली हमरस्ता, ट्रकचे हॉर्न, म्हणून खिडक्या लावून घेतल्या. दुपारची तीनची वेळ. तिने पानं दोन वेळा मोठ्याने वाचून दाखवली. छान वाचली.

तिच्या आधी बेटावरच्या बाईंचा नंबर होता. इतके दिवस त्या इंग्रजीत बोलायच्या. त्या दिवशी त्यांच्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती. बाईंनी सांगितलं की आजचा विषय मी माझ्या भाषेत मांडणार, ही माझी दुभाषी. आणि त्या बोलू लागल्या. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण त्या वेगळ्याच बाई वाटायला लागल्या. हात हलवत होत्या, मध्येच थांबत होत्या, एकदा तर हसल्या.

ही त्यांच्याकडे बघत राहिली. अध्यक्षांनी तिचं नाव घेतलं. तिने माझी तीन पानं उचलली, उलटी करून टेबलाच्या कडेला ठेवली आणि मला म्हणाली, “त्यांना सांग, मी पावरीत बोलणार आहे. मॅडम इंग्रजीत सांगतील.”

 खरं सांगायचं तर मला आधी राग आला. दोन रात्रींची मेहनत तिने उलटी करून ठेवली होती, आणि वरून मला अशा कामाला लावलं होतं की जे मला येत नव्हतं. मी हळूच म्हटलं की मला जमायचं नाही, निदान मराठीत बोल. तिने मान हलवली. पडद्यावर सगळे थांबले होते. मी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी आनंदाने परवानगी दिली.

ती बोलायला लागली आणि पहिल्या दोन वाक्यांतच मला कळलं की ही अवघड पावरी बोलत नाहीये. दगडावर कपडे धुताना माझ्याशी बोलायची तशी, लहान लहान वाक्यं, प्रत्येक वाक्यानंतर माझ्यासाठी थांबून. खडक कुठे आहे ते तिने सांगितलं. तिथे तोंड एका बाजूला करून का उभं राहावं लागतं ते सांगितलं. मग काकाचं. “माझा काका,” असं म्हणूनच सांगितलं. मी लिहिलेल्या पानांत ‘एक वृद्ध ग्रामस्थ’ होता.

त्या आवाजाचं वर्णन करताना तिने एक शब्द वापरला. तो मला कळला नाही. मी थांबले. पडद्यावरच्या सगळ्यांच्या देखत तिला मराठीत विचारलं की याचा अर्थ काय.  तिला मराठीत सहज सांगता आलं असतं. पण ती वसतिगृहात माझ्याकडून शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, “घरना मानूसना आवाज.”

घरच्या माणसाचा आवाज. एवढाच अर्थ. पण ती ते मराठीत म्हणाली असती तर मी भाषांतर करून पुढे गेले असते. अहिराणीत ऐकलं आणि मला माझी आई ऐकू आली. तिने हाक मारली असती आणि सुई घेऊ नको म्हणाली असती, तर इतकी शिकलेली मीही एकदा तरी घुटमळले असते. काकांनी काय केलं ते मला तेव्हा समजलं. त्याआधी मला ते फक्त माहीत होतं.  मी ते इंग्रजीत सांगितलं. बरोबर सांगितलं की नाही, आठवत नाही.

शेवटी ती म्हणाली की तुम्ही सगळे खोटं कुणी काढायचं यावर बोलता. आमच्याकडे खोटं आमच्या भाषेत येतं आणि खुलासा दुसऱ्याच्या भाषेत येतो. खोटं दारात येऊन बसतं, खुलासा भिंतीवर चिकटतो.

सात मिनिटांची अकरा झाली, पण कुणी थांबवलं नाही. मग प्रश्न सुरू झाले, पहिल्यांदाच. बेटावरच्या बाईंनी सांगितलं की वादळाच्या खोट्या बातम्या त्यांच्याकडे अशाच येतात. एका सदस्याने आक्षेप घेतला. जगात हजारो भाषा आहेत, कंपन्यांनी प्रत्येक भाषेवर लक्ष ठेवावं हे व्यवहार्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते काही वाईट हेतूने बोलत नव्हते. मी ते तिला सांगितलं. तिने विचारलं, “मग त्या भाषेत दुकान तरी कशाला मांडलं?” अध्यक्षांनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि लिहून घेतलं.

बैठक संपल्यावर तिने खिडक्या उघडल्या. खालून कुणीतरी भजी आणली. मी तिला माझ्या रागाचं सांगितलं. ती म्हणाली की मला माहीत होतं, म्हणूनच आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं.

निवेदनाचा मसुदा आला तो हिवाळा सरताना. त्यात तिचं म्हणणं एका वाक्यात आलं होतं. खोट्या माहितीचा खुलासा लोक घरी बोलतात त्या भाषेत पोचवला जावा, आणि त्यासाठी ‘शक्य तेथे’ प्रयत्न व्हावा. त्या ‘शक्य तेथे’वर ती संतापली. जिथे शक्य नाही तिथलीच तर मी आहे, ती म्हणाली. मी दोन ईमेल लिहिले, व्याकरणाचा, अर्थाचा, सगळा वाद घातला. बेटावरच्या बाईंनी आमची बाजू घेतली. ते दोन शब्द काही निघाले नाहीत. निवेदन तसंच निघालं. तिने ते सभागृहात मांडलं, त्यावर थोडं बोलली, आणि कामकाज पुढे सरकलं.

पण आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. पुढच्या पावसाळ्याआधी डोंगरात लहान मुलांच्या लसींचं काम सुरू होणार होतं. ती काकूकडे गेली आणि फोन पुढे धरून म्हणाली, तू बोल. काकू आधी तयार होईना. मग बोलली. काकांचं सगळं तिने स्वतः सांगितलं, रानात जाऊन बसल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत. लाज वाटते तेही सांगितलं. मी शेजारी बसले होते. कागद नव्हता, तपासायला काही नव्हतं. तो आवाज खडकावरून निघाला आणि पाड्यापाड्यांत गेला. महिन्याभराने नर्सबाई भेटल्या. त्या म्हणाल्या की यंदा बाया पोरं घेऊन आधीच येऊन बसतात, आणि विचारतात, ती म्हातारी कुठली.

पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या. बेटावरच्या बाईही आता सदस्य नाहीत. नवीन वर्षाला त्यांचा समुद्राचा फोटो येतो आणि ही त्यांना डोंगराचा पाठवते. अध्यक्षांचं काय झालं ते कळलं नाही. मी निवृत्त झाले. आता अशी पत्रं कुणाला येत असतील, तर त्यांच्याकडे भाषांतर करून देणारी यंत्रं आहेत. ती यंत्रं माझ्यापेक्षा बिनचूक असतील. पावरी त्यांना अजून येत नाही, असं ती सांगते. तिने करून पाहिलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे चार दिवस राहून आले. ती गावातच असते आता. अंगणभर आमचुरासाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत घातल्या होत्या. काकू थकली आहे, तरी पाखरं हाकायला काठी घेऊन बसते. आम्ही दोघी विळ्या घेऊन कैऱ्या सोलत होतो. मध्येच ती म्हणाली की त्या बैठकांच्या दुपारी बऱ्या होत्या, नाही? मी म्हटलं, बऱ्या होत्या. मग तिने पावरीत काहीतरी विचारलं आणि मी विचार न करता तिला पावरीतच उत्तर दिलं. मोडकंतोडकं असावं, कारण काकू काठी ठेवून हसायला लागली.